जुन्या एमटीबीचा फोर्क: बदलायच्या आधी एकदा उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऐरोलीतल्या एका सोसायटीतून ११ हजारांना जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक घेतली. २६ इंची चाकं, पुढचं चाक धरणारा फोर्क स्प्रिंगचा, १०० मिलिमीटर दबणारा. हाताने दाबला की जेमतेम दोन सेंटिमीटर बसतो आणि वर यायला वेळ लावतो. फोर्कच्या उजव्या पायावर तेलकट ओघळ आहे. लॉकआउटची, म्हणजे फोर्कचं दबणं बंद करणारी गुंडी फिरते, पण फरक काही पडत नाही. पुढचा ब्रेक दाबला की खट्ट आवाज येतो. एका दुकानदाराने ७ हजारांचा नवा फोर्क सुचवला. दुसऱ्याने नळ्यांवर स्प्रे मारून दिला, तो दोन दिवस चालला आणि मग पुन्हा तेच. तुमचं वजन ५८ किलो, रोज ऐरोली-घणसोली आणि रविवारी येऊरचा डोंगर.

सात हजार तूर्त खिशातच ठेवा. ही चार वेगळी दुखणी आहेत आणि माझ्या अंदाजाने त्यातल्या एकालाच पैसे लागतील, तेही तुम्हाला हौस असेल तर. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये ११ वर्षं फिटर होतो आणि गेली १९ वर्षं नौपाड्यात सायकलींचंच काम करतोय. ‘फोर्क गेला’ म्हणून माझ्याकडे येणारे बरेचसे फोर्क गेलेले नसतात, सुकलेले असतात. आमच्या वेळी याला चिमटा म्हणत, तो गंजला की रंग मारायचा, बस. आताच्या चिमट्याला आत सरकणारे भाग आले, पण त्याची देखभाल मात्र लोक अजून जुन्या चिमट्यासारखीच करतात, म्हणजे करतच नाहीत.

आधी फोर्क कोणता ते बघा. सनटूर कंपनीचा असेल तर मागच्या बाजूला मॉडेलचं नाव आणि क्रमांक असतो. टॉर्च लावून फोटो काढून ठेवा, पुढे सुटे भाग मागवताना तोच उपयोगी पडेल. आपल्याकडच्या सुरुवातीच्या किमतीतल्या एमटीबींना बहुतेक सनटूरचे एक्ससीई, एक्ससीटी, एक्ससीएम किंवा त्यांच्यासारखे दिसणारे फोर्क असतात. यांची रचना अगदी साधी. चकचकीत आतल्या दोन नळ्या म्हणजे स्टँशन. त्यांच्यावर खालून वर सरकणारा बाहेरचा जोड म्हणजे लोअर. लोअरच्या आत बुश, म्हणजे नळी ज्यांच्यावर घासत सरकते ती कडी, बसवलेले असतात आणि तोंडाशी धूळ अडवणारं रबरी सील असतं. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) गुंडी ज्या पायावर असते त्यात स्प्रिंग, आणि लॉकआउटची ज्या पायावर त्यात डॅम्परची, म्हणजे उसळी आवरणारी, तेलाची बंद कार्ट्रिज. अगदी स्वस्तातल्या मॉडेलमध्ये त्या दुसऱ्या पायात फारसं काहीच नसतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे निम्मे घोटाळे तिथूनच होतात. सायकलीचा सस्पेंशन फोर्क आला मोटारसायकलीच्या वाटेने. १९८९ मध्ये मोटोक्रॉसच्या दुनियेतल्या पॉल टर्नरने रॉकशॉक्स ही कंपनी सुरू केली आणि आरएस-१ हा फोर्क आणला. त्यामुळे दिसायला दोन्ही भावंडं. पण मोटारसायकलीचा पाय तेलाने भरलेला असतो आणि त्याचं सील ते तेल आत रोखतं. तुमच्या स्प्रिंगच्या फोर्कमध्ये सुटं तेल नसतंच, तो ग्रीसवर चालतो. वरचं रबर फक्त धूळ आणि पाणी बाहेर ठेवण्यापुरतं. म्हणून ‘शॉकअपमधलं तेल बदलून देतो’ म्हणणाऱ्या स्कूटरवाल्याकडे हा फोर्क नेऊ नका.

मी स्वतः नेला नव्हता, त्याहून वाईट केलं होतं. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाईकाच्या कोरड्या फोर्कमध्ये मोटारसायकलीचं फोर्क ऑइल ओतलं, दोन्ही पायांत. दुकानासमोर काय सुरेख चालला! चाचणीसाठी मीच येऊरला घेऊन गेलो. उतारावर ते तेल धूळ-सीलमधून वर आलं, डाव्या पायावरून ओघळत डिस्कवर पडलं आणि पुढचा ब्रेक नावापुरता उरला. मागच्या ब्रेकवर आणि बुटाच्या टाचेवर कसाबसा थांबलो. ब्रेक पॅड फेकून द्यावे लागले, कारण तेल प्यालेले पॅड धुऊन कधीच पूर्ववत होत नाहीत. तेव्हापासून फोर्कवर काहीही फवारायच्या आधी मी चाक काढतो आणि कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागावर, प्लास्टिकची पिशवी बांधतो. तुमच्या दुसऱ्या दुकानदाराने स्प्रे मारताना डिस्क झाकली होती का, ते मला माहीत नाही. नसेल तर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, आणि तरीही ब्रेक धरत नसेल तर पॅडकडे बघा.

आता कामाला लागू. पहिलं ते खट्ट, कारण ते सुरक्षेशी जोडलेलं आहे आणि तपासायला एक पैसा लागत नाही. सायकलीशेजारी उभे राहा, पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि हँडल पुढे-मागे हलवा. दुसऱ्या हाताची बोटं आधी फ्रेमच्या डोक्याशी, जिथे फोर्कची दांडी फ्रेममध्ये शिरते तिथल्या खालच्या कटोरीवर ठेवा. तिथे हालचाल बोटांना कळली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे. मग बोटं लोअर आणि स्टँशनच्या सांध्यावर, सीलवर ठेवा. तिथे हलत असेल तर बुश झिजलेत. घोळ होत असेल तर चाक ९० अंशांत वळवून पुन्हा हलवा. आता बुशांची पुढे-मागची ढील त्या दिशेला राहत नाही, हेडसेटची मात्र तशीच जाणवते. कधीकधी दोन्ही ठिकाणं ठीक असतात आणि कॅलिपरमध्ये पॅडच हलत असतात. तोही आवाज खट्टच.

हेडसेट असेल तर पंधरा मिनिटांचं काम. स्टेमचे, म्हणजे हँडल धरणाऱ्या जोडाचे, बाजूचे दोन बोल्ट ढिले करा, वरच्या टोपीचा बोल्ट अगदी हलक्या हाताने फिरवून ढील घालवा, हँडल सरळ करा आणि मग बाजूचे बोल्ट आवळा. क्रम हाच. बाजूचे बोल्ट घट्ट असताना वरचा बोल्ट कितीही पिळला तरी काही होत नाही, फक्त आटे जातात. ढील गेल्यावर हँडल आपल्या वजनाने डावी-उजवीकडे सहज पडलं पाहिजे. अडकत असेल तर जास्त आवळलंय, किंवा आतले छर्रे गंजलेत. बुश झिजले असतील तर स्वस्त फोर्कच्या बाबतीत मी दुरुस्तीच्या नादाला लागत नाही. बुश काढायला-बसवायला खास अवजार लागतं, सुटे बुश मिळतीलच असं नाही, आणि मजुरी फोर्कच्या किमतीशी जाऊन भिडते. थोडीशी ढील असेल तर ताजं ग्रीस भरून वर्ष-दोन वर्षं ती सायकल शहरात निवांत चालते. येऊरच्या दगडांवर मात्र नको.

त्याच वेळी तडे बघून घ्या. जिथे नळ्या वरच्या जोडात, म्हणजे क्राउनमध्ये शिरतात ती जागा, ब्रेक बसतो ते कान आणि चाकाचा एक्सल अडकतो ती खाच, अशा तीन जागा. रंगावर केसासारखी रेष दिसली तर नखाने खरवडा. रेष धातूत उतरली असेल तर पुढचं वाचूच नका. तो फोर्क भंगारात, त्यावर वेल्डिंगही नको. लोअर बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात आणि गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने त्यांना हात लावू नये. जुन्या सायकलीत आणखी एक गंमत मला वर्षातून तीन-चारदा दिसते. फोर्कच उलटा बसवलेला असतो. सनटूर, रॉकशॉक्स यांच्या दोन पायांना जोडणारी कमान पुढच्या बाजूला हवी. (मॅनिटूच्या फोर्कला ती मुद्दाम मागे असते, तो अपवाद.) डिस्क ब्रेकचा कॅलिपर सायकलीवर बसल्या जागेवरून डाव्या हाताला, पायाच्या मागे आला पाहिजे. उजवीकडे पुढे आला असेल तर आधीच्या मालकाने सायकल कुरियरने मागवून घरीच जोडली होती असं समजा.

आता नळ्या. स्वस्त फोर्कच्या नळ्या लोखंडी, वर क्रोमचा मुलामा. महागड्यांच्या ॲल्युमिनियमच्या. नखाचं टोक नळीवरून वरून खाली फिरवा. तुमच्या डोळ्यांना दिसत नाहीत ते खड्डे नखाला कळतात. सीलपासून वर दहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात खड्डे असतील तर प्रत्येक दाबाला ते रबर किसतात. त्याहून वर असतील तर दुर्लक्ष करा, सील तिथवर पोहोचतच नाही. ऐरोली काय, वाशी-बेलापूर काय, खाडी बाजूलाच. पाम बीच रोडला रोज फिरणाऱ्यांच्या नळ्यांवर दुसऱ्या पावसाळ्यात तांबूस ठिपके येतात, त्यांवरून सायकल कुठली ते मी न विचारता ओळखतो. ठिपके वरवरचे असतील तर तेल लावलेल्या फडक्याने निघतात. एखाद-दुसरा खोल खड्डा असेल तर तो साफ करून, पारदर्शक नेलपॉलिशचे थर देऊन, वाळल्यावर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून सपाट करायचा. हा जुगाड आहे, पण सील वाचवतो. पूर्ण नळी चाळणीसारखी झाली असेल तर मात्र सील बदलण्यात अर्थ नाही, महिन्याभरात नवंही फाटेल.

आणि आता मुख्य आजार, सुकलेपण. तुमच्या दुकानदाराचा स्प्रे दोन दिवस का चालला, ते सांगतो. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे पातळ असतो. तो सीलखाली शिरतो, वाळून चिकट झालेलं ग्रीस विरघळवतो आणि एक-दोन दिवस नळी गुळगुळीत सरकते. पण त्याच वेळी उरलंसुरलं ग्रीस आणि धूळ मिळून बुशांपाशी खाली जाते. स्प्रे उडून जातो आणि मागे उरतो तो पॉलिश पेस्टसारखा लगदा. दर वेळी स्प्रे मारून तुम्ही आतून नळ्या घासताय.

दुसरा गुन्हेगार म्हणजे फवारा. रविवारी येऊरहून चिखलाने माखून यायचं आणि वाटेत गाड्या धुणाऱ्याकडे प्रेशरच्या नळाखाली सायकल धरायची. दिसायला स्वच्छ, पण तो दाब अडवणं त्या पातळ रबरी ओठाच्या कुवतीबाहेरचं आहे. माजिवड्याचा एक मुलगा दर आठवड्याला अशीच चकाचक सायकल घेऊन यायचा आणि म्हणायचा, ‘काका, एवढी निगा राखतो तरी जाम का होतो?’ खालचे बोल्ट काढले तेव्हा एका पायातून चहाचा पाऊण कप भरेल एवढं तपकिरी पाणी निघालं. बादली, मग आणि मऊ ब्रश एवढ्यावर काम भागतं.

फोर्क उघडायला लागणारं सामान: ॲलन कीचा संच, सॉकेट पाना, रबरी हातोडी, धागे न सुटणारी फडकी, लांब काठी (मी जुन्या पडद्याची लाकडी काठी वापरतो), आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ग्रीस. अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळतं. पेट्रोल वापरू नका, रबर फुगतं. ग्रीस मात्र योग्यच हवं. मोटारीच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस इथे चालत नाही, ते जड असतं आणि थंडीत-पावसात धूळ धरून घट्ट बसतं. सस्पेंशनचं खास ग्रीस ऑनलाइन मिळतं, छोटी डबी दोन-तीन सायकलींना पुरते. तेही नसेल तर शुद्ध सिलिकॉन ग्रीस चालेल.

पुढचं चाक काढा. हायड्रॉलिक डिस्क असेल तर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला आणि काम संपेपर्यंत ब्रेकच्या दांडीला हात लावू नका, पिस्टन बाहेर येतात. कॅलिपर सोडवून फ्रेमला दोरीने बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. प्रीलोडची गुंडी पूर्ण ढिल्याच्या बाजूला फिरवा. आता सायकल उलटी न करता दोन्ही पायांच्या तळाशी बघा, तिथे एकेक बोल्ट किंवा नट आहे. समुद्राच्या हवेत लोखंडी बोल्ट आणि मॅग्नेशियमचा पाय एकमेकांना धरून बसतात. डब्ल्यूडी-४० ची खरी जागा इथे. रात्री मारून ठेवा आणि सकाळी उघडा.

बोल्ट पूर्ण काढू नका. तीन-चार फेरे ढिला करा आणि रबरी हातोडीने त्याच्या डोक्यावर सरळ ठोका. आतली दांडी लोअरमध्ये रुतलेली असते, ती अशी सुटते. बोल्ट आधीच काढून मग ठोकायला गेलात तर दांडीचे आटे चेपतात, आणि तो फोर्क खरोखरच ‘जातो’. कधी बोल्टबरोबर आतली दांडीही गोल फिरायला लागते आणि बोल्ट काही सुटत नाही. अशा वेळी कुणाला तरी वरून फोर्क दाबून धरायला सांगा. स्प्रिंगचा दाब दांडीवर आला की ती फिरायची थांबते. दोन्ही बोल्ट काढले की लोअर दोन्ही हातांनी सरळ खाली ओढा, डावी-उजवीकडे हिसके देत नको. पाच वर्षांत उघडलाच नसेल तर शंभरेक हिसके लागतील, ती लाज तुमची नाही, आधीच्या मालकाची.

आत जे दिसेल ते दिसेल. काळा लेप, गंजाचं पाणी, कधी एखादी मेलेली मुंगी. नळ्या पुसा. काठीला फडकं गुंडाळून, अल्कोहोलने भिजवून लोअरच्या आत फिरवा. फडकं पांढरं निघेपर्यंत. बुश तोंडापासून खोल आहेत, तिथवर काठी पोहोचली पाहिजे. धूळ-सील बदलायचं नसेल तर उचकटू नका, नुसतं त्याच्या आतल्या बाजूने बोटाने पुसा. बदलायचं असेल तर नळीचा व्यास व्हर्निअरने मोजा. याच घराण्यात २८, ३० आणि ३२ मिलिमीटरच्या नळ्या येतात आणि ‘सनटूरचं सील द्या’ एवढं सांगून मागवलेलं सील तीनपैकी दोनदा चुकीचं निघतं. सीलखाली फोमची रिंग असेल तर ती धुऊन, पिळून तेलात भिजवा. सगळ्या मॉडेलना ती नसते.

आता ग्रीस. दोन्ही बुशांवर आतून बोटाने एकसारखा थर, सीलच्या दोन ओठांमधल्या खाचेत भरून, आणि स्प्रिंगवर थोडंसं, म्हणजे ती नळीला घासून खडखडत नाही. पायाच्या तळाशी ग्रीसचा गोळा टाकू नका, तिथे त्याचं काही काम नाही. लोअर चढवताना सीलचा ओठ आत दुमडत नाही ना, ते डोळ्यांनी बघा. इथेच लोक घाई करतात आणि नवं सील पहिल्याच दिवशी चिरतात. खालचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळायचे. बहुतेक मॉडेलना ७ ते १० न्यूटन-मीटर एवढंच लागतं, नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यात बघा. टॉर्क पाना नसेल तर आखूड पाना मनगटाच्या जोरावर. खांद्याचा जोर लावलात तर मॅग्नेशियम रडतं.

एवढं झाल्यावर तुमचा फोर्क मोकळा होईल. मग तो दोन सेंटिमीटरचा प्रश्न पुन्हा बघू, कारण त्यात आणखी एक मेख आहे. हाताने दाबून फोर्क किती बसतो ही परीक्षाच नव्हे. डाव्या नळीवर एक प्लास्टिकचा झिप टाय बांधा, घट्ट नाही, सरकेल इतपत. तो सीलपर्यंत खाली ढकला, भिंतीला धरून सायकलीवर बसा आणि अलगद उतरा. झिप टाय किती वर सरकला ते मोजा. १०० मिलिमीटरच्या फोर्कला २० मिलिमीटरच्या आसपास हवं. याला सॅग म्हणतात. मग तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर, खड्ड्यांसकट एक फेरी मारा आणि पुन्हा मोजा. फेरीभरात ७०-८० मिलिमीटर वापरले गेले तर उत्तम. सगळं साफ करूनही ४० च्या पुढे जात नसेल तर आतली स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे. कारखान्यातून येणारी मधली स्प्रिंग जास्त वजनाच्या माणसाला गृहीत धरते, आणि तुम्ही ५८ किलो.

प्रीलोडची गुंडी फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही. ती फक्त स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवायची ते ठरवते. तुम्ही ती पूर्ण ढिलीच ठेवा. मऊ स्प्रिंग काही मॉडेलना स्वतंत्र मिळते, म्हणूनच वर फोटो काढून ठेवा म्हटलं. आणि कृपा करून स्प्रिंग कापू नका. वागळेत लेथ चालवणाऱ्या माझ्या एका मित्राने मोठ्या आत्मविश्वासाने दोन वेटोळी कापली होती, मऊ होईल म्हणून. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग उलट कडक होते. फोर्क दोन सेंटिमीटर बुटका आणि दगडासारखा झाला. तो अजून विषय काढू देत नाही. जुन्या फोर्कमध्ये स्प्रिंगच्या आत रबरासारखा एक तुकडाही असतो, इलॅस्टोमर. तो उन्हाने कडक झालेला किंवा चुरा झालेला सापडतो. चुरा असेल तर काढून टाका, त्याजागी सोफ्याचं रबर कोंबू नका.

राहिला उजव्या पायावरचा ओघळ. या फोर्कमध्ये सुटं तेल नसतं हे वर सांगितलं, मग तेल आलं कुठून? एक तर त्या स्प्रेचं, नाहीतर लॉकआउटच्या कार्ट्रिजचं. उघडल्यावर लोअरमध्ये उजव्या बाजूला पातळ तेल जमलेलं दिसलं तर कार्ट्रिज फुटली आहे, आणि लॉकआउट का चालत नाही याचंही उत्तर तेच. ती सहसा अशी फुटते: चढावर लॉक लावायचं, उतरताना काढायला विसरायचं आणि बंद फोर्कने खड्डा झेलायचा. स्वस्त मॉडेलमध्ये ती खोलून दुरुस्त होत नाही, अख्खी बदलतात. मॉडेलनुसार मिळते, पण तुमच्या जागी मी असतो तर ऐरोली-घणसोलीसाठी ती बदलली नसती. कार्ट्रिज मेली तरी फोर्क स्प्रिंगवर चालतो. फक्त परत येताना जरा उसळतो आणि पूर्ण वर आल्यावर ठक्क वाजतो. ते ऐकून घाबरू नका. आत जमलेलं तेल मात्र पुसून काढा, नाहीतर ते उद्या सीलमधून वर येईल. तुमच्या सायकलीत कॅलिपर डाव्या पायावर आणि ओघळ उजव्यावर, एवढं नशीब.

हवेचा फोर्क असणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण हल्ली जुन्या बाजारात तेही दिसतात. त्याला शॉक पंपच, म्हणजे सस्पेंशनसाठीचा खास हातपंपच लागतो. व्हॉल्व्ह मोटारीच्या ट्यूबसारखा दिसतो म्हणून पेट्रोल पंपावर हवा भरू नका, आतली जागा इतकी छोटी असते की एका फुर्रमध्ये मर्यादा ओलांडते. उघडण्याआधी हवा पूर्ण सोडायची, यात सूट नाही. त्यात लोअरमध्ये थोडं तेल असतंच, मॉडेलनुसार पाच-दहा मिलिलिटर, आणि ते मोजून घालायचं. रॉकशॉक्स बऱ्याच मॉडेलना ५० तासांनी लोअरची सेवा सांगते. ५० तास म्हणजे रोज तासभर चालवणाऱ्याचे दोन महिनेसुद्धा नाहीत. आपल्या पावसात मी तो आकडा गांभीर्याने घेतो.

आता, उघडल्यावर नळ्या चाळणी आणि बुश ढिले निघाले तर? मग बदला, पण सात हजार देण्याआधी मोजपट्टी घ्या. फ्रेममध्ये शिरणाऱ्या दांडीचा व्यास बहुतेक एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर असतो, पण खाली जाड होणारी दांडीही येते आणि ती तुमच्या फ्रेममध्ये शिरत नाही. दुसऱ्याच्या सायकलीतून काढलेला फोर्क घेत असाल तर आधी दांडीची लांबी बघा. ती प्रत्येक फ्रेमनुसार कापलेली असते, आणि आखूड निघाली तर वाढवता येत नाही. ब्रेकची बैठक जुळते का, एक्सल ९ मिलिमीटरचा उघड्या खाचेचा की १५ चा आरपार, तेही बघा. आणि प्रवास, म्हणजे दबण्याची लांबी, १०० चाच घ्या. कुणी ‘१२० चा घे, जास्त भारी’ म्हणाला तर नाही म्हणा. फोर्क २० मिलिमीटरने उंच झाला की सायकलीचं डोकं साधारण एका अंशाने मागे झुकतं. चढावर पुढचं चाक भटकतं आणि फ्रेमवर तिला नको असलेला ताण येतो.

खरं सांगू, फक्त शहरात चालवणारा असेल तर मी साधा, न हलणारा फोर्क सुचवतो. स्प्रिंगचा अडीच किलोच्या आसपास भरतो, साधा त्याच्या निम्म्यात येतो, आणि कधी उघडावा लागत नाही. टायर जरा रुंद घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा, घोडबंदर रोडचे खड्डेही सुसह्य होतात. एक्सलपासून क्राउनपर्यंतची उंची मात्र बघून घ्या. २६ इंची १०० मिलिमीटरच्या फोर्कच्या जागी ४४०-४४५ मिलिमीटरचा बसतो. गिऱ्हाईकं हे ऐकून हिरमुसतात, ‘शॉकअप’ गेला म्हणजे सायकलीचा रुबाब गेला. तुम्ही येऊरला जाता म्हणून तुम्हाला तो सल्ला देत नाही.

निगा म्हणाल तर वर्षातून दोनदा उघडा. एकदा मे अखेरीस, पाऊस लागायच्या आधी. दुसऱ्यांदा पाऊस ओसरल्यावर. खंडेनवमीला सायकलीला झेंडूचा हार घालताच, त्याच्या आदल्या रविवारी हे उरका. मधल्या काळात प्रत्येक फेरीनंतर सुक्या फडक्याने नळ्या पुसणं पुरे. फोमच्या रिंग असतील तर आठवड्यातून एकदा रात्रभर सायकल उलटी उभी करा, तेल रिंगांत मुरतं. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर सरळ केल्यावर दांडी दोन-चारदा दाबून ब्रेक लागतोय ना ते बघूनच निघा.

जोडून झालं की पहिली फेरी येऊरला नको. उपवन तलावापर्यंत जा, सपाट रस्त्यावर पुढचा ब्रेक आठ-दहा वेळा दाबून बघा, आणि घरी आल्यावर तळाचे दोन बोल्ट आणि स्टेमचे दोन बोल्ट पुन्हा एकदा पान्याने चाचपून घ्या.